टोरिक लेन्स आणि मिलिमीटरचा दहावा भाग

"भारीतली लेन्स घातली की चष्मा सुटतोय न्हवं?" बेळगावातल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या रांगेत तासभर बसा, हा प्रश्न कानावर पडतोच. चष्म्यात सिलिंडर नंबर असला की टोरिक लेन्सचं नाव निघतं, मग किंमत निघते, मग देशी की परदेशी यावर घरात दोन दिवस खल होतो. ती लेन्स डोळ्यात किती अंशांवर बसवायची आणि तो आकडा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. खरा खेळ तिथंच आहे.

सिलिंडर म्हणजे काय ते थोडक्यात. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, चेंडूसारखं सगळीकडून सारखं वळलेलं असलं तर प्रकाश एका ठिकाणी एकवटतो. काहींचं पारपटल आडव्या लिंबासारखं असतं: लांबीच्या बाजूनं वळण कमी, घेराच्या बाजूनं जास्त. मग प्रकाश दोन वेगळ्या ठिकाणी एकवटतो आणि सगळंच थोडं ओढल्यासारखं, सावलीसकट दिसतं. साधी लेन्स सगळ्या दिशांना सारखी ताकद देते, त्यामुळे हा दोष तसाच राहतो. टोरिक लेन्समध्ये एका दिशेला ताकद कमी, तिच्या काटकोनात जास्त. ही कल्पना तशी जुनी नाही. डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली बसवली. टोरिक लेन्स आली जपानमध्ये, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि अमेरिकेत तिला पहिली मान्यता मिळाली १९९८ साली.

पेशंट येतात ते जुन्या चष्म्याची चिठ्ठी घेऊन. "माझा सिलिंडर दोनचा आहे." असेल, पण तो आकडा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला उपयोगाचा नाही. चष्म्याचा सिलिंडर म्हणजे पारपटलाचा दोष अधिक आतल्या नैसर्गिक भिंगाचा दोष. ऑपरेशनमध्ये ते भिंगच काढून टाकतात, त्याचा वाटा त्याच्याबरोबर जातो. मागे राहतं ते पारपटल. म्हणून चष्म्यात २ चा सिलिंडर असलेल्याला कधी टोरिक लागतच नाही, आणि उलट, चष्म्यात जेमतेम ०.५ असणाऱ्याच्या पारपटलात दीड निघतो, कारण इतकी वर्षं आतलं भिंग तो दोष झाकत होतं. त्याला साधी लेन्स बसवली तर ऑपरेशननंतर नवाच सिलिंडर हातात येतो, आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडलं.

आता पारपटलाच्या मापाच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहू. आकडा म्हणजे पारपटलाची ताकद, डायॉप्टरमध्ये (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक), आणि अक्ष म्हणजे ती कितव्या अंशाच्या रेषेत: नव्वद उभी, शून्य किंवा एकशेऐंशी आडवी. दोन्ही सत्तरीतल्या डोळ्यांच्या धरा. पहिलीवर ४३.२५ अक्ष १७८ आणि ४५.०० अक्ष ८८. फरक १.७५, जास्त वळण उभ्या रेषेत, म्हणजे उभा दोष. दुसरीवर ४३.५० अक्ष ९२ आणि ४५.०० अक्ष २. फरक १.५०, जास्त वळण आडव्या रेषेत, म्हणजे आडवा दोष. जास्त ताकदीची टोरिक कुणाला? आकडे बघून कुणीही पहिल्याला म्हणेल. पण पहिल्याला लेन्सवरचा १.५ सिलिंडर पुरतो आणि दुसऱ्याला किमान २.२५ लागतो.

कारण पारपटलाला मागची बाजूही आहे, आणि पारपटलाचं वळण मोजणारं साधं यंत्र, केरॅटोमीटर, फक्त पुढची बाजू मोजतं. मागची बाजू बहुतेक डोळ्यांत उभ्या रेषेत जास्त वळलेली असते, आणि ती प्रकाश उलटा वळवत असल्यामुळे आडव्या रेषेत सरासरी ०.३ डायॉप्टरची भर घालते. म्हणजे उभा दोष मोजला जातो त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी, आडवा प्रत्यक्षात जास्त. ह्यूस्टनच्या डग्लस कॉक यांच्या गटानं २०१२ मध्ये ही गोष्ट आकड्यांसह मांडली, तोवर जगभर उभ्या दोषाला जास्तीची आणि आडव्याला कमी पडणारी टोरिक बसत होती. त्यात आणखी एक: वय वाढेल तसा दोष उभ्याकडून आडव्याकडे सरकत राहतो. म्हणून शेवटी थोडासा दोष राहायचाच असेल तर तो उभ्या बाजूला राहू द्यावा.

लेन्सच्या डबीवर छापलेला सिलिंडर आणि डोळ्याला मिळणारा सिलिंडर हे दोन आकडेही एक नव्हेत. लेन्स आत खोल बसते, त्यामुळे तिचा १.५ पारपटलाच्या पातळीवर साधारण १.० एवढंच काम करतो, २.२५ चं दीडच्या थोडं वर. डोळ्याची लांबी आणि लेन्सची खोली बदलली की हे प्रमाणही हलतं. हिशेब हातानं करायची गरज नाही, डोळ्यांचे सर्जन बॅरेट यांचं टोरिक कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट आहे. पण ते भरताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, छेदामुळे होणाऱ्या बदलाच्या रकान्यात सवयीनं ०.५ टाकणं. कानशिलाच्या बाजूच्या २.२ ते २.४ मिलिमीटरच्या छेदाला ०.१ च्या आसपासचा आकडा पुरतो. दुसरी, मशीननं मागची बाजू धरून दिलेला एकूण आकडा घ्यायचा आणि वर कॅल्क्युलेटरची मागच्या बाजूची दुरुस्तीही चालू ठेवायची. एकाच गोष्टीची वजावट दोनदा.

सगळ्यात मोठी चूक मात्र कॅल्क्युलेटरपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते. गर्दीच्या दवाखान्यात पेशंट आत आला की कंपाउंडर आधी ड्रॉप टाकतो. बाहुली मोठी करण्याचा, बधिर करण्याचा, जो हातात असेल तो. मग दाब तपासतात, मग मशीनपुढे बसवतात. तोवर पारपटलाचा पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो आणि मशीन त्या खडबडीत पाण्याच्या थरावरून उमटणारं प्रतिबिंब मोजतं. टोरिकचं माप घ्यायचं असेल तर ते पहिलं: ड्रॉप नाही, दाब नाही, डोळ्याला कशाचा स्पर्श नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ लेन्स किमान आठवडाभर, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद करायची. डोळे कोरडे असतील, आणि साठीनंतर बहुतेकांचे असतातच, तर दोन ते चार आठवडे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप वापरून पुन्हा माप. दोन वेगळ्या मशीनवरचे अक्ष दहा अंशांच्या आत जुळले पाहिजेत आणि ताकदीत अर्ध्या डायॉप्टरहून जास्त तफावत नको. जुळत नसेल तर पेशंटला आणखी एकदा बोलवा. खानापूरच्या आतल्या गावातून आलेल्या माणसाला "परत या" म्हणणं जिवावर येतं, ते मान्य. पण चुकीच्या अक्षावर लेन्स बसवून नंतर परत बोलवण्यापेक्षा हे बरं.

या भागातल्या डोळ्यांचं आणखी काही वेगळं बघावं लागतं. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. उसाच्या पानाची कड लागून पारपटलावर जखम होते, त्यात बुरशी शिरते. जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो, ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणं म्हणतात. फूल बारीक असलं, नुसत्या डोळ्यांनी दिसत नसलं तरी तिथला पृष्ठभाग वेडावाकडा असतो. टोरिक लेन्स नीटस दोष काढते, दोन काटकोनातल्या रेषांचा. वेड्यावाकड्या पृष्ठभागाला ती काही करू शकत नाही. केरॅटोमीटर अशा डोळ्याचाही एक सिलिंडर आणि एक अक्ष छापून देतं, तो बघून फसायला होतं. म्हणून शेतात राबलेल्या प्रत्येक डोळ्याचा टोपोग्राफीचा, म्हणजे पारपटलाच्या चढउताराचा, रंगीत नकाशा बघितल्याशिवाय टोरिकचा शब्द काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशात डमरूचे दोन भाग सारखे आणि एका सरळ रेषेत दिसले तर पुढे जावं. एक भाग मोठा, एक बारका, मधली रेघ मोडलेली, तर साधी लेन्स आणि वर चष्मा हेच इमानदारीचं उत्तर. फार चोळून-चोळून पारपटल शंकूसारखं झालेल्या डोळ्याचंही तेच.

दुसरा प्रकार वडसाचा. ऊन, धूळ, वारा यांत आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढत पारपटलावर चढतं. ते आडवी रेष चपटी करतं, त्यामुळे मशीन उभा दोष दाखवतं, कधी तीन-चार डायॉप्टरचा. वडस काढला की हा दोष बराचसा निघून जातो. वडस तसाच ठेवून त्या मापावर टोरिक बसवली आणि पुढे कुणी वडस काढला, तर लेन्स आता नसलेला दोष दुरुस्त करत बसते. आधी वडस काढायचा, दीड ते तीन महिने थांबायचं, माप स्थिर झालं की मग मोतीबिंदू. मोतीबिंदू "पिकेपर्यंत" थांबायची आपल्याकडची जुनी सवय या एका बाबतीत कामी येते म्हणायची.

शिबिरातल्या ऑपरेशनबद्दलही इथंच सांगून टाकतो. सहा-साडेसहा मिलिमीटरच्या बोगद्यातून केलेलं बिनटाक्याचं ऑपरेशन हे उत्तम ऑपरेशन आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तो छेद वरच्या बाजूला घेतला की उभी रेष चपटी होते आणि आडवा दोष वाढतो. उभा दोष असलेल्याला त्याचा फायदाच. आडवा असलेल्याला तो छेद कानशिलाकडून घेतला तर टोरिकशिवायही बरंच साधतं. टोरिक लेन्स घडी घालून आत जाते आणि बहुतेक वेळा फेको पद्धतीनंच, म्हणजे मोतीबिंदू यंत्रानं फोडून बारीक छेदातून काढल्यावर, बसवतात. एक डायॉप्टरच्या आतल्या दोषाला, विशेषतः उभ्या, टोरिकचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

आता खुणा. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा गोल फिरतो. सहसा दोन ते चार अंश, काहींचा दहाच्याही वर. म्हणून ऑपरेशन टेबलवर झोपवून "हा शून्य, हा एकशेऐंशी" ठरवता येत नाही. आणि फिरण्याची किंमत मोठी आहे: लेन्स एक अंश चुकली की तिचं सुमारे ३.३ टक्के काम वाया. दहा अंशांना एक तृतीयांश, पंधराला निम्मं, तीसला सगळं. तीसच्या पुढे गेली तर साधी लेन्स बसवली असती तर बरं, अशी अवस्था.

पारपटलाचा व्यास बाराच्या आसपास मिलिमीटर, परीघ सदतीसच्या आसपास. भागाकार केला तर कडेवरचा एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दहा अंश, आणि एक अंश म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. शाईच्या पेनची जाड, ओघळलेली खूण सहज मिलिमीटरभर रुंद होते. सर्जननं तिचा मध्य धरला की कड, एवढ्यावरच पाच अंश गेले.

खूण करायची ती बसवून आणि भुलीच्या इंजेक्शनच्या आधी, कारण इंजेक्शननंतर डोळा पुन्हा वेगळा वळतो. बधिर करण्याचा एक थेंब पुरे. पेशंट स्लिट लॅम्पपुढे, म्हणजे प्रकाशाची बारीक फट टाकून डोळा तपासायच्या यंत्रापुढे, हनुवटी टेकलेली, कपाळ पट्टीला चिकटलेलं. दुसरा डोळा उघडा आणि नजर समोर लांब. बायकांचा अंबाडा, पुरुषांचा फेटा किंवा टोपी मागे कशाला टेकून मान तिरकी होत नाही ना, हे बघायचं. हसू येईल, पण इथंच तीन-चार अंश जातात. स्लिटचा प्रकाश जितका बारीक होईल तितका करून आडवा फिरवायचा आणि बाहुलीच्या मध्यातून जाऊ द्यायचा. कडेची ओल कापसानं टिपायची, नाहीतर शाई पसरते. मग वाकवलेल्या बारीक सुईच्या टोकाला निर्जंतुक शाई लावून जिथं प्रकाशाची रेष कड ओलांडते तिथं दोन्ही बाजूंना टोचल्यासारखा ठिपका. रेघ ओढायची नाही. झालं की पेशंटला मागे घेऊन, पुन्हा टेकवून एकदा तपासायचं. या खुणा फक्त शून्य आणि एकशेऐंशीच्या. प्रत्यक्ष अक्षाची खूण टेबलवर, अंश कोरलेली कडी या दोन ठिपक्यांना जुळवून. मोठ्या दवाखान्यांत डोळ्याच्या रक्तवाहिन्यांचा फोटो घेऊन सूक्ष्मदर्शकातच अक्षाची रेष दाखवणारी यंत्रं आहेत. ती चांगलीच, पण त्यांच्यावाचून अडतं असं नाही.

टेबलवर जाण्याआधी कॅल्क्युलेटरचा छापील कागद सूक्ष्मदर्शकाजवळ चिकटवायचा, आणि तोही सर्जनला दिसतो तसा. सर्जन पेशंटच्या डोक्याशी बसत असेल तर त्याला डोळा उलटा दिसतो. मनातल्या मनात उलटसुलट करताना अंश उलट्या दिशेनं मोजले गेले, की चूक दहा अंशांची राहत नाही, साठ-सत्तर अंशांचीही होऊ शकते. लेन्सवर तिची दिशा दाखवणारे ठिपके असतात, ते पारपटलाच्या जास्त वळणाच्या रेषेवर यायला हवेत. उणे सिलिंडरचा अक्ष वाचून नव्वद अंशांनी चुकणारेही आहेत. तसं झालं की दोष दुप्पट.

आतलं काम असं: नैसर्गिक भिंग ज्या पातळ पिशवीत असतं ती तशीच ठेवून लेन्स तिच्यात बसवतात. पिशवीच्या पुढच्या पडद्याचं गोल छिद्र पाच ते साडेपाच मिलिमीटर, लेन्सच्या कडेवर सगळीकडून थोडं चढलेलं. लेन्स पिशवीत उलगडली की ती ठरलेल्या अक्षाच्या दहा-वीस अंश अलीकडे थांबवायची, कारण तिचे हात एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यांसारखे, सहज फिरतात. मग ऑपरेशनसाठी डोळ्यात भरलेलं जेल काढायचं, लेन्सच्या मागचं सुद्धा. मागे राहिलेलं जेल म्हणजे साबण लावलेल्या फरशीवर ठेवलेला पाट. जेल निघालं की उरलेले अंश फिरवून ठिपके खुणांवर आणायचे आणि लेन्सला मधोमध हलकेच दाबून मागच्या पडद्याला टेकवायचं. फिरवताना खूण ओलांडली तर मागे ओढायची नाही, जवळजवळ अर्धा फेरा पुढे फिरवून आणायची. शेवटी छेद गळत नाही ना ते बघायचं. छेद गळला, डोळा मऊ पडला, की लेन्स रात्रीतून फिरते. पिशवीचा मागचा पडदा फाटला तर टोरिकचा नाद सोडून साधी लेन्स. ती शक्यता आणि तेव्हा पैशाच्या फरकाचं काय, हे आधीच बोलून घ्यावं.

लेन्स फिरायची असते ती बहुतेक पहिल्या तासाभरात, फार तर पहिल्या दिवसात. लांबट, मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात पिशवी ऐसपैस असते, तिथं धोका जास्त. म्हणून लांबून आलेल्यांनी पहिली रात्र गावातच काढावी आणि दुसऱ्या सकाळी बाहुली मोठी करून ठिपके कुठे आहेत ते बघून घ्यावं. बाहुली मोठी केल्याशिवाय ठिपके दिसत नाहीत, हे पेशंटलाही माहीत असलेलं बरं. "लेन्स जाग्यावर आहे" असं नुसत्या टॉर्चनं सांगता येत नाही. कुशीवर झोपल्यानं महिन्याभरानंतर लेन्स फिरेल का, ही भीती मात्र सोडून द्या. तोवर पिशवी आकसून लेन्सला धरते.

फिरलीच तर? दुसऱ्याच दिवशी फिरवायची घाई नको, पिशवी सैल असते, पुन्हा फिरेल. साधारण आठवडा जाऊ द्यावा, आणि दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ढकलू नये, मग ती चिकटते. लेन्स आत्ता कुठल्या अक्षावर आहे आणि चष्म्याचा उरलेला नंबर किती, हे दोन आकडे दिले की बर्डाल-हार्डटनचं कॅल्क्युलेटर किती अंश फिरवली तर किती दोष उरेल ते सांगतं. बरेचदा उत्तर येतं की फिरवून फायदा नाही, ताकदच चुकली होती. पिशवीचा मागचा पडदा पुढे धुरकट झाला तर तो याग लेझरनं उघडतात; तो उघडायच्या आधी हा निकाल लावून घ्यावा, कारण पडदा उघडल्यावर लेन्सला हात लावणं जोखमीचं.

तरुणांसाठीची टोरिक आयसीएल, म्हणजे नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायची लेन्स, ही वेगळी गोष्ट. तिथं नैसर्गिक भिंग आतच राहतं, म्हणून तिथं पारपटलाचा नाही, चष्म्याचाच नंबर धरतात. नंबर वर्षभर स्थिर हवा आणि बुबुळापुढची जागा २.८ ते ३ मिलिमीटर तरी हवी.

आणि जवळचा चष्मा. साधी टोरिक लांबचं स्वच्छ करते. पेपर, पोथी आणि मोबाईल वाचायला चष्मा लागतोच. हे आधी सांगितलं नाही तर चांगलं झालेलं ऑपरेशनही "फसवलं" या शब्दात मोजलं जातं. सरकारी योजनांतलं पॅकेज सहसा साध्या लेन्सच्या हिशेबानं बांधलेलं असतं, विम्यातही लेन्सला मर्यादा असते. तेव्हा वरचा फरक किती, तो लेखी घ्यावा. आपल्याकडे फॉर्म कानडीत, मापाची चिठ्ठी इंग्रजीत आणि समजावणं मराठीत. सही करण्याआधी कुठल्या डोळ्यावर, कुठली लेन्स, हे दोन रकाने तरी कुणाकडून वाचून घ्यावेत.

लेन्सच्या डबीतून चिकट पट्ट्या निघतात: मॉडेल, ताकद, सिलिंडर, अनुक्रमांक. एक दवाखान्याच्या केसपेपरवर जाते, एक पेशंटच्या कार्डावर लागायला हवी. त्याच कार्डावर लेन्स कुठल्या अक्षावर बसवली तो आकडा पेनानं लिहून मागा. निपाणीचा माणूस एक डोळा बेळगावात करून दुसऱ्याला कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला. तिथल्या डॉक्टरला दुसऱ्या डोळ्याचा हिशेब करताना पहिल्या डोळ्याचं कार्ड आणि आत्ता उरलेला नंबर, दोन्ही लागतात.